दोन टायर 'एच', दोन 'टी'... पुढे कुठले, मागे कुठले? (रविवारी नागपूरला निघायचंय)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गाडी स्विफ्ट, २०१९ ची, पेट्रोल. टायरची साइझ १८५/६५ आर १५ आणि त्याच्यापुढे ८८ एच. मागच्या आठवड्यात घोटीच्या अलीकडे रात्री पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकामागोमाग धाडकन आत गेली. घरी येईपर्यंत काही जाणवलं नाही. सकाळी गाडी पुसायला खाली बसलो तर पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा, आणि मागच्यावर बोटाच्या पेराएवढा. म्हणजे दोन टायर गेले. उजवीकडचे दोन चांगले आहेत, नक्षी अजून ४ मिमी तरी आहे.

टायरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे ह्या साइझमधे एच नव्हता, टी होता. मी म्हटलं अक्षर वेगळं आहे, चालेल का? तर म्हणाला, "साहेब, टी हे एचच्या पुढचं अक्षर, म्हणजे वरचाच माल झाला." मला ते पटण्यासारखं वाटलं. त्याने फुगा आलेले दोन्ही काढले आणि तिथेच दोन टी बसवून दिले. म्हणजे आत्ता गाडीला डावीकडे दोन टी आणि उजवीकडे दोन एच आहेत.

घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे अक्षर टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल ते सांगतं, टी म्हणजे ताशी १९० किमी आणि एच म्हणजे २१०, म्हणजे माल वरचा नाही, खालचा! शिवाय परवा पाऊस पडून गेल्यावर कॉलेज रोडला ब्रेक जरा जोरात दाबला तर गाडी डावीकडे ओढली. आधी कधी असं झालं नव्हतं.

रविवारी बहिणीकडे नागपूरला जायचंय, बायको आणि दोन पोरं बरोबर. गोंद्याला समृद्धीवर चढून थेट नागपूर. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, मी ११० च्या वर नेत नाही. प्रश्न एवढाच, की हे असं मिसळलेलं चालतं का? आणि चालत असेल तर टी पुढे टाकू की मागे? शेजारचे काका म्हणतात नवीन नेहमी पुढे टाकायचे कारण स्टेअरिंग पुढे असतं.

रबराचा_वास

दादा आधी एक काम करा, रविवारची वाट बघू नका, उद्याच्या उद्या ती चाकं बदलून घ्या. एकाच एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या डाव्या-उजव्या जोडीत, एक टी आणि एक एच ही सगळ्यात वाईट जोडणी आहे. पुढे-मागे फरक एक वेळ चालवून घेता येतो, डावी-उजवी फरक नाही.

माझी हयात टायरच्या दुकानात गेली, वडिलांचं दुकान, आता मी बघतो, त्यामुळे त्या टायरवाल्याचं बोलणं ऐकून वाईट वाटलं. पण त्याने मुद्दाम फसवलं असेल असंही नाही, हा गैरसमज दुकानात काम करणाऱ्या पोरांमधे सर्रास असतो. अक्षरं बाराखडीसारखी सरळ चढत जातात, क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, आणि मग मधेच एच २१०, त्यानंतर व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. एच तेवढा रांग सोडून बसलाय. पूर्वी युरोपात एस, एच, व्ही अशी मोजकीच अक्षरं होती, बाकीची नंतर मधल्या जागी भरली, तेव्हा एच जिथे होता तिथेच राहिला. म्हणून गिऱ्हाईक असो की दुकानदार, एचपाशी गडबड होतेच.

आता मिसळायचा नियम. टायर कंपन्या काय सांगतात, तर शक्यतो चारही सारखे. ते जमत नसेल तर एका एक्सलवर जोडी सारखीच, आणि कमी अक्षराची जोडी पुढे, जास्त अक्षराची मागे. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असो की मागच्या, ह्यात बदल नाही. आणि गाडीची मर्यादा सगळ्यात कमी अक्षराची धरायची. तुमच्या गाडीला दोन एच असले तरी ती आता टीचीच गाडी झाली.

गोदाकाठ

धन्यवाद. म्हणजे टी पुढे, एच मागे. पण मग नवीन पुढे आणि झिजलेले मागे असं होईल ना? ते बरोबर आहे का?

कुडाळची

नाही! कृपा करून झिजलेले मागे टाकू नका.

मी रोजची गाडी चालवणारी आहे, कुडाळ-सावंतवाडी, महिन्यातून दोनदा आंबोलीमार्गे बेळगाव. चार वर्षांपूर्वी मलाही असंच सांगितलं होतं, मॅडम नवीन पुढे टाका, ग्रिप चांगली मिळेल. टाकले. मागचे जुने होते पण गुळगुळीत झाले नव्हते, दोन अडीच मिमी नक्षी असेल, कायद्याने १.६ लागते म्हणजे कायद्यात बसत होते. जुलैमधे आंबोलीहून खाली उतरताना, जोर नव्हता, ५० च्या आतच असेन, एका वळणावर डोंगराकडून आलेलं पाणी रस्ता ओलांडून जात होतं. पुढची चाकं त्यातून छान गेली, स्टेअरिंग हातात घट्ट होतं, आणि पुढच्या क्षणी पाठीमागून कुणीतरी गाडी बाजूला ढकलावी तसं मागचं टोक दरीकडे सरकायला लागलं. मी ब्रेक मारला, जो मारायला नको होता. गाडी अर्धी फिरली आणि नाक डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन थांबली. समोरून त्या वेळी एसटी नव्हती एवढंच. बाहेर उतरले तेव्हा पाय कापत होते. मागच्या टायरवर हात फिरवून बघितला, त्याच्या खाचा बोटाला लागत होत्या पण पाणी बाहेर फेकायला त्या पुरत नव्हत्या.

पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा परत धरते. मागची सुटली की गाडी फिरते, आणि आपल्यासारख्या साध्या चालकाला ती सावरता येत नाही. पुढे ग्रिप चांगली असल्यामुळे तर काही होणार आहे ह्याची सूचनाच मिळत नाही. तेव्हापासून माझा नियम, नवीन जोडी मागे. शेजारच्या काकांना माझ्यातर्फे नमस्कार सांगा, पण त्यांचं ऐकू नका.

गोदाकाठ

बापरे ताई. अंगावर काटा आला वाचून.

पण आता मी आणखी गोंधळात पडलो. एक नियम म्हणतो कमी अक्षर पुढे, दुसरा म्हणतो नवीन मागे. माझे नवीन तेच कमी अक्षराचे आहेत. दोन्ही नियम एकदम कसे पाळू?

मापदंड

नाहीच पाळता येणार, आणि ह्या धाग्यातला खरा मुद्दा तोच आहे. थोडं खोलात जातो, मेकॅनिकल इंजिनीअर आहे आणि काही वर्षं टायरच्या चाचण्यांशी जवळून संबंध होता.

आधी अक्षराचा अर्थ नीट समजून घेऊ. स्पीड रेटिंग रस्त्यावर गाडी पळवून ठरवत नाहीत. प्रयोगशाळेत मोठ्या फिरत्या ड्रमवर नवा टायर, ठरलेला भार आणि ठरलेली हवा घालून दाबून धरतात आणि वेग १० किमीच्या टप्प्याने वाढवत नेतात, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं. शेवटच्या वेगाला ठरलेला वेळ टायर फुटला नाही, तुकडे उडाले नाहीत, थर सुटले नाहीत, तर ते अक्षर मिळतं. म्हणजे १९० किंवा २१० हा आकडा नव्या, न पंक्चरलेल्या, बरोबर हवा असलेल्या टायरचा आहे. चार वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या, दोनदा पंक्चर काढलेल्या, २४ पीएसआयवर धावणाऱ्या टायरचा तो आकडा नाही.

आता तुम्ही म्हणाल मी ११० च्या वर जात नाही, मला १९० काय आणि २१० काय. वेगापुरतं बोलायचं तर बरोबर आहे, टी टायर ११० ला तुमचं काही वाईट करणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्या कंपनीतूनच टीवर येतात आणि ठणठणीत चालतात. त्यामुळे टी म्हणजे धोकादायक टायर असं कुणी समजू नका. प्रश्न मिसळण्याचा आहे.

टायर का तापतो ते बघा. रस्त्याला टेकलेला भाग दाबला जातो, वर गेला की सरळ होतो, परत दाबला जातो. रबर वाकवायला जी ताकद लागते ती सगळी परत मिळत नाही, काही उष्णतेत जाते. तुमच्या साइझच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. १२० ला तो एका सेकंदात १७ फेरे घेतो, म्हणजे साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला १७ वेळा वाकतो, तासाला ६१ हजार वेळा. वेग फारच वाढला तर वाकलेला भाग सरळ व्हायच्या आत परत खाली येतो आणि टायरच्या अंगावर लाटा उभ्या राहतात, त्या अवस्थेत तो मिनिटांत संपतो. हे टाळायला वरच्या अक्षराच्या टायरमधे साधारणपणे पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचं आवरण जास्त असतं, साइडवॉल कडक असते, रबराचं मिश्रण वेगळं असतं.

आणि इथेच मिसळण्याची गोम आहे. कडक टायर वळणावर लवकर जोर धरतो, मऊ टायर थोडा लवंडून मग धरतो. पुढे कडक, मागे मऊ असेल तर नाक पटकन वळतं आणि मागचा भाग मागे पडतो, म्हणजे कुडाळच्या ताईंनी सांगितलं तेच, फक्त कोरड्या रस्त्यावर आणि जास्त वेगात. अचानक लेन बदलावी लागली, समोर कुत्रं आलं, तेव्हा ते दिसतं. म्हणून कंपन्या म्हणतात वरचं अक्षर मागे. नवीन मागे हा नियमही त्याच भीतीतून आलाय, फक्त तिथे कारण पाणी आहे. दोन्ही नियमांचं म्हणणं एकच, की गाडीचं मागचं टोक पुढच्यापेक्षा आधी सुटता कामा नये.

डावी-उजवीचं सांगायचं तर नवीन टायरला नक्षी ८ मिमीच्या आसपास असते, तुमच्या जुन्याला ४. त्रिज्येत ४ मिमी फरक म्हणजे घेरात २५ मिमी. एकाच एक्सलवर दर फेऱ्याला एक चाक दुसऱ्यापेक्षा इंचभर जास्त जातं आणि डिफरेन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरला, सरळ रस्त्यावरही सतत काम पडतं. ओल्यात ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढली त्याचं कारण डावीकडच्या नव्या नक्षीची पकड जास्त, हे जवळपास नक्की. तुमचा ब्रेक बिघडलेला नाही.

तर उत्तर. ह्याच चार टायरवर पावसाळा काढायचाच असेल तर मी नवीन टी मागे टाकेन, कारण ८०-१०० ला पाण्याचा धोका खरा आहे, कडकपणातला फरक त्या मानाने लहान. हे माझं मत, कंपनीच्या छापील सल्ल्याला ते धरून नाही, हे स्पष्ट सांगतो. पण माझा खरा सल्ला हा की ह्या पेचात पडूच नका. ते दोन टी परत करा, एचची नवी जोडी घ्या आणि मागे टाका. नवीनही मागे, वरचं अक्षरही मागे, आणि जुने एच पुढे. मग अक्षराचा फरकच उरत नाही.

रबराचा_वास

मापदंड साहेबांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं. मी फक्त अक्षराचं बोललो, नक्षीकडे लक्ष गेलं नाही माझं, ती चूक दुरुस्त करून घेतो. एचची जोडी घेऊन मागे टाकणे हेच बरोबर.

परत करताना एक लक्षात ठेवा, बसवलेला टायर दुकानदार नवा म्हणून परत घेत नाही, कारण रिमवर चढला की त्याच्या कडेला खूण राहते. पण दोन-चार दिवसांत, पन्नासेक किमीच्या आत नेलात आणि शांतपणे बोललात तर थोडे पैसे कापून बहुतेक जण घेतात. बिल घेऊन जा. बिलावर साइझबरोबर ८८ टी लिहिलं असेल, आणि तुमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर साइझ आणि हवा लिहिलेली असते, मॅन्युअलमधे अक्षरही मिळेल. ते दाखवा. भांडू नका, दाखवा.

वऱ्हाडीभाऊ

मी अमरावतीचा. समृद्धीवरून महिन्यातून चार-पाच येळा जाणं-येणं होते म्हणून सांगतो भाऊ.

तुम्ही अक्षराचं पाह्यलं ते चांगलंच केलं, पण त्या रोडवर हवेकडं पाह्यल्याशिवाय चढू नका. सिमेंटचा रोड, सरळसोट, पाय आपोआप दाबल्या जाते, गाडी दोन-दोन तास एकाच स्पीडनं पळत राह्यते. गावच्या रस्त्यावर गतिरोधक, सिग्नल, म्हशी, काही ना काही येते अन् टायरले दम भेटते, तिथं तो भेटतच नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ ले टेकते. त्यात हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते अन् जास्त तापते. मी डोळ्यानं पाह्यलं, कारंज्याच्या जवळ एका गाडीचा मागचा टायर असा निघाला होता की वरचा पट्टा अख्खा सोलून बाजूले पडला अन् बाकी टायर रिमवरच. त्या माणसाचं म्हणणं होतं टायर तर नवा दिसत होता. मी वाकून पाह्यलं त टायर सहा वर्षांच्या वर जुना होता, तारखेवरून.

तारीख पाहाची ते सांगतो. साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असते, त्या लाइनीतले शेवटचे चार आकडे. २३१९ असले त २०१९ चा तेविसावा आठवडा. एकाच बाजूनं राह्यते पूर्ण नंबर, भाईरून नाही दिसला त गाडीखाली डोकं घालून आतल्या बाजूनं पाहा. नवा टायर घेतानाही पाहा, दुकानातही जुना माल पडून राह्यते.

अन् हो, गरम टायरची हवा काढू नका. तापल्यावर तीन-चार पीएसआय वाढतेच, ते धरूनच कंपनीनं आकडा देल्ला असते. सकाळी थंड्या टायरवर भरा.

मापदंड

वऱ्हाडीभाऊंच्या मुद्द्याला माझं दोन्ही हातांनी अनुमोदन. मी १९० आणि २१० वर एवढं लिहिलं, पण १० पीएसआय कमी हवा असलेला एच टायर बरोबर हवा असलेल्या टीपेक्षा केव्हाही जास्त धोक्याचा.

आणि अक्षराच्या आधीचा आकडा विसरू नका. ८८ म्हणजे त्या टायरला ५६० किलो. ८४ असेल तर ५०० किलो, ९१ असेल तर ६१५. अक्षराची मोजणी करताना लोक हा आकडा नजरेआड करतात. अक्षर वरचं आणि भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचा, असा टायर घेऊ नका. पाच माणसं, मागे सामान, वर कॅरिअर, म्हटलं की हा आकडा कामाला येतो.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला असते, मूळची सातारची. इथलं थोडं सांगते कारण इथे कमी अक्षराचे टायर लावणं ही दर वर्षीची गोष्ट आहे.

जर्मनीत बर्फाच्या दिवसात हिवाळी टायर लागतात. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असं धरून चालतात. उन्हाळी टायर व्ही किंवा डब्ल्यू असला तरी हिवाळी टायर खालच्या अक्षराचा घ्यायची परवानगी आहे, अट एवढीच की गाडीचा सर्वोच्च वेग त्या अक्षरापेक्षा जास्त असेल तर चालकाच्या नजरेसमोर तसं स्टिकर लावायचं. माझ्या डॅशबोर्डवर वेगाच्या काट्याशेजारी छोटं गोल स्टिकर आहे, १९० लिहिलेलं. ऑटोबानवर कित्येक पट्ट्यांना मर्यादा नाही, १३० फक्त सुचवलेला वेग आहे, त्यामुळे इथे हे अक्षर कागदावरचं राहत नाही, उजव्या पायाला रोज आठवण करून द्यावी लागते.

पण मुद्दा हा की इथेही चारही एकदम बदलतात. दोन उन्हाळी दोन हिवाळी असं माझ्या ओळखीत कुणी करत नाही. गॅरेजवाला काढलेल्या प्रत्येक टायरवर खडूने लिहितो, पुढचा डावा, मागचा उजवा, आणि पुढच्या वेळी ज्याची नक्षी जास्त शिल्लक ती जोडी मागे घालतो. न सांगता. पहिल्यांदा मला वाटलं चुकून अदलाबदल झाली, विचारलं तर त्यानेही मागचं टोक सुटण्याचंच सांगितलं. कुडाळच्या ताईंचं वाचताना तो माणूस डोळ्यांसमोर आला.

घाटमाथा

एक शंका. माझी गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे. एक टायर कापला गेलाय, बाकी तीन निम्मे झिजलेत. एकच घेतला तर?

मापदंड

तुमच्या बाबतीत जास्त जपायला हवं. चारही चाकं एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे घेरातला फरक मधल्या कपलिंगवर येतो आणि ते तापून खराब होतं, त्याचा खर्च चार टायरपेक्षा मोठा. गाडीच्या मॅन्युअलमधे किती मिमी फरक चालेल ते बघा, बऱ्याच कंपन्या २-३ मिमीच्या वर नको म्हणतात. निम्मे झिजले असतील तर एकटा नवा नको. चारही घ्यायला लागतील असं धरून चाला आणि उरलेल्यातला बरा असेल तो स्टेपनीला ठेवा.

घाटमाथा

समजलं. खर्च आहे पण समजलं. आभार.

कुडाळची

गोदाकाठ, काय झालं मग? रविवार जवळ आला. कळवा नक्की, जीव लागून राहिलाय.

गोदाकाठ

कळवतो ताई, आत्ताच हात धुऊन बसलो.

काल बिल आणि मॅन्युअल घेऊन त्या दुकानात गेलो. आधी तो म्हणाला बसवलेला माल परत नाही. मी रबराचा_वास ह्यांनी सांगितलं तसं आवाज न चढवता त्याला जुन्या टायरवरचं एच दाखवलं, मग अक्षरांची रांग त्याच्या बिलबुकामागे लिहून दाखवली. तो खरंच चकित झाला, आतल्या वयस्कर मिस्त्रीला हाक मारून विचारलं, मिस्त्री म्हणाले हो, एच वरचाच. मग त्याने टायरमागे ४०० रुपये कापून पैसे परत दिले. मला ते ठीक वाटलं, ६० किमी चालवले होते मी. टायर उतरवायचे म्हणजे बिनचाकाची गाडी राहील, तर दुसरीकडून एच येईपर्यंत त्याने गाडी तिथेच जॅकवर ठेवू दिली, हेही सांगायला हवं.

द्वारका सर्कलच्या पुढे एका दुकानात आधीच्याच कंपनीचे आणि त्याच नक्षीचे १८५/६५ आर १५ ८८ एच मिळाले. फोनचा टॉर्च लावून डीओटी वाचला, तीन महिन्यांपूर्वीचा आठवडा. बाजूला आयएसआयची खूण. नवीन दोन्ही मागे, जुने दोन पुढे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतली. खड्ड्याने अलाइनमेंट बरीच बिघडली होती, पुढचं डावं चाक बाहेर झुकलं होतं. मशीनवरचा लाल आकडा मी स्वतः बघितला. म्हणजे ब्रेकला डावीकडे ओढायला तेही थोडं कारण असेल.

आता शेवटचा प्रश्न. स्टेपनी वेगळ्याच साइझची निघाली, लोखंडी रिम, अरुंद टायर, आणि त्याच्यावर टी. समृद्धीवर पंक्चर झाली तर?

रबराचा_वास

बऱ्याच गाड्यांना हल्ली तशीच देतात. ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला आहे. रिमवर किंवा टायरवर वेगाचं स्टिकर असेल तर त्यावरचा आकडा पाळायचा, नसलं तरी ८० च्या वर नेऊ नका, आणि शक्य असेल तर पुढचं चाक पंक्चर झाल्यावर मागचं काढून पुढे लावायचा खटाटोप रस्त्याच्या कडेला करू नका, गाड्या जोरात येतात तिथे. जे गेलं तेच बदला आणि पुढच्या इंटरचेंजला खाली उतरा. निघण्याआधी स्टेपनीची हवा बघा, दहातल्या आठ गिऱ्हाइकांच्या स्टेपनीत हवाच नसते, रोज बघतो.

वऱ्हाडीभाऊ

अन् बदलताना पोरायले गाडीत नका बसू देऊ, रेलिंगच्या पल्याड उभं करा. सांगून ठेवतो.

गोदाकाठ

नागपूरहून लिहितोय. पोचलो सुखरूप.

पहाटे निघताना चारही थंडे ३३. स्टेपनीत १८ निघाली! तीही भरून घेतली. जालन्याच्या पुढे पंपावर थांबलो तेव्हा गेज लावून बघितलं, मागचे ३६, पुढचे ३७. वऱ्हाडीभाऊंनी सांगितलं होतं म्हणून काढली नाही. चारही टायरवर तळहात ठेवून बघितला, सगळे सारखेच कोमट, कुठला एखादा जास्त तापलेला नाही. मेहकरच्या आसपास चांगला अर्धा तास पाऊस लागला, ८० वर आणली, गाडी रेषेत चालली, ब्रेकला ओढणं पूर्ण गेलं.

जुन्या दोन टायरच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहून ठेवली आहे, नेकारकाठ ताईंच्या गॅरेजवाल्यासारखी. परतीचा प्रवास गुरुवारी आहे, सकाळी हवा बघूनच निघेन.

कुडाळची

बरं वाटलं वाचून. पोरांना खाऊ द्या माझ्यातर्फे.